वाट सोडण्याचा अधिकार

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाची सहल सापुताऱ्याला गेली होती. वघई मागे टाकून गाडी घाट चढू लागली, तेव्हा खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीने दूरच्या एका डोंगराकडे बोट दाखवून मला विचारले, "बाई, त्या माथ्यावर जाता येईल का?" मी पाहिले. पायथ्यापासून खांद्यापर्यंत सागाचे दाट रान, त्यावर काळ्या कातळाचा पट्टा आणि त्याच्याही वर पिवळ्या गवताचा उघडा माथा. सडक नाही, पायऱ्या नाहीत, देऊळ नाही. मी म्हणाले, "नाही. तिकडे वाट नाही." "पण झाडांमधून चढत गेलं तर?" तिने पुन्हा विचारले. एवढ्यात गाडीने वळण घेतले, डोंगर दिसेनासा झाला आणि उत्तर देण्यातून माझी सुटका झाली.

त्या सहलीत मुलांनी तलावात नौकाविहार केला, मक्याची कणसे खाल्ली, छायाचित्रे काढली, आणि आम्ही सर्वजण सुखरूप परत आलो. कोणाचीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती माझीच, आणि ती माझ्याविषयीच होती. मी त्या मुलीला दिलेले उत्तर खरे नव्हते आणि ते खरे नाही हे मला ठाऊक होते. कारण वाट नसलेल्या अशाच एका डोंगरावर मी स्वतः दोन वेळा चढून गेले आहे. पहिल्या वेळी मूर्खपणाने, दुसऱ्या वेळी थोड्या शहाणपणाने. त्या दोन दिवसांतून जे शिकले ते विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे मांडणे हे मी माझे कर्तव्य समजते.

आपली सुरत सपाट आहे. तापीच्या गाळाने बनलेल्या या भूमीवर वाढणाऱ्या मुलाला चढ म्हणजे काय हे उड्डाणपुलावरून कळते आणि उंची म्हणजे काय हे इमारतीच्या उद्वाहकातून. सागाशी त्याची ओळख होते ती जुन्या घराच्या दारातून, पाटातून किंवा पलंगातून. तो साग ज्या रानांतून येई, त्यांपैकी डांगचे रान येथून काही तासांच्या अंतरावर आहे. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून ही जंगले भाडेपट्ट्याने घेतली ती या लाकडासाठीच. पुढे १९१३ मध्ये बिलिमोरा ते वघई अशी ६३ किलोमीटर लांबीची अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली, तीही मुख्यतः लाकूड वाहून आणण्यासाठी. रान आपल्या घरी आले. आपण मात्र रानात गेलो नाही. गेलो ते गाडीत बसून, डांबरी सडकेने, आणि सडक जेथे संपली तेथून परतलो.

मी मूळची गोव्याच्या दक्षिण टोकाची, काणकोणच्या बाजूची. आमच्या घरामागेच रान होते, म्हणून रान आपल्याला कळते असा माझा समज होता. आपली फसगत बहुधा अशा अर्धवट ओळखीनेच होते. सुमारे दहा वर्षांपूर्वी, सुरतेत नव्यानेच नोकरीला लागलेल्या आम्ही चौघी मैत्रिणी मार्च महिन्यात डांगला गेलो होतो. सकाळी नऊ वाजता सडकेवरून एक डोंगर दिसला आणि कोणालाही न विचारता आम्ही त्याच्याकडे चालू लागलो. माथा समोर स्पष्ट दिसत होता. जे दिसते तेथे सरळ चालत गेले की झाले, यात विचारायचे काय?

मार्चमधले सागाचे रान म्हणजे पानगळीचे रान. साग, सादडा, हेद सारे उघडे पडलेले असतात. सावली नाही आणि पायाखाली सुपाएवढ्या पानांचा थर. त्या थराखाली दगड आहे की खळगा आहे हे कळत नाही. पाने इतकी वाजतात की दहा पावलांवरच्या मैत्रिणीची हाक ऐकू येत नाही. उतारावर ती पाने तेल सांडल्यासारखी पाय सरकवतात. शिवाय बांबूची बेटे आडवी येतात. त्यांना वळसा घालताना दिशा थोडीशी बदलते, आणि असे दहा वळसे घातले की आपण कोठून आलो हेच उमगेनासे होते.

तरी आम्ही कातळापर्यंत पोहोचलो. खालून हा कातळ एखाद्या रेघेसारखा दिसला होता. जवळून ती दोन मजली भिंत निघाली. आपल्या सह्याद्रीचे हे वैशिष्ट्य वर्गात शिकवले जाते, परंतु त्याचा अर्थ मला त्या भिंतीपाशी समजला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे लोटामागून लोट आले आणि एकावर एक थर देऊन गोठले. म्हणून हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत: उतार, मग कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा. या खडकाला इंग्रजीत जे 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. अशा डोंगरावर सरळ रेषेने चढता येत नाही. कड्याला जेथे खिंडार पडले असेल तेथूनच वर जाता येते, आणि ते खिंडार खालून दिसत नाही.

तासभर शोधून एक घळ सापडली. तीतून वर गेलो तेव्हा कळले की, सकाळपासून ज्याला माथा म्हणत होतो तो माथा नव्हेच. तो डोंगराचा खांदा होता आणि खरे शिखर त्याच्या मागे दडून बसले होते. दुपारचे दोन वाजले होते. पाणी संपले होते. आम्ही उतरायचे ठरवले, आणि येथे सर्वांत मोठी चूक केली. पाणी डोंगरावरून गावाकडेच जाते, तेव्हा ओढ्याचे कोरडे पात्र धरून उतरावे असे आम्हाला वाटले. तर्क निर्दोष होता. पण पाण्याला कड्यावरून उडी मारता येते, माणसाला येत नाही, हे त्या तर्कात आलेच नव्हते. अर्ध्या तासाने ते पात्र एका कोरड्या धबधब्याच्या ओठावर संपले. खाली तीस-चाळीस फूट सरळ तुटलेला कातळ. मागे फिरताना एकीचा घोटा मुरगळला. उन्हे कलू लागली. आम्ही एकमेकींशी बोलणे बंद केले, कारण बोलू लागलो असतो तर एखादी रडली असती.

तेवढ्यात गुरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आला. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा गुरे घेऊन परतत होता. त्याने आमच्याकडे पाहिले, घोट्याकडे पाहिले आणि काही न विचारता पुढे चालू लागला. ओढ्यापासून फार तर पन्नास पावलांवर एक पायवाट होती. त्याच वाटेने त्याने आम्हाला तासाभरात सडकेवर आणून सोडले. निरोप घेताना त्याने एवढेच विचारले, "वाट असताना तुम्ही ओहळात कशाला उतरलात?"

या प्रश्नाने माझा एक मोठा भ्रम दूर केला. ज्या रानाला आम्ही निर्वाट म्हणत होतो, ते निर्वाट नव्हतेच. त्यात गुरांच्या वाटा होत्या, मोहाची फुले वेचणाऱ्यांच्या वाटा होत्या, मध काढणाऱ्यांच्या, बांबू आणणाऱ्यांच्या वाटा होत्या. 'वाट नाही' याचा अर्थ 'मला दिसत नाही' एवढाच होता. शहरातला सुशिक्षित मनुष्य आपल्या अज्ञानाला पुष्कळदा निसर्गाचे दुर्गमत्व असे भारदस्त नाव देतो.

त्यानंतर कित्येक वर्षे मी त्या डोंगराचे नाव काढले नाही. पुढे एका डिसेंबरात मी पुन्हा तेथे गेले. या वेळी आधी वनखात्याची परवानगी घेतली आणि पायथ्याच्या पाड्यावरील एका वयस्क गृहस्थांना बरोबर येण्याची विनंती केली. ते कोकणा समाजाचे होते. डांगात भिल्ल, वारली यांच्याप्रमाणे कोकणा किंवा कुंकणा लोकांचीही मोठी वस्ती आहे. आपले पूर्वज कोकणातून आले अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. माझी मातृभाषा कोकणी आहे असे सांगताच ते हसले आणि म्हणाले, "मग तुम्ही पाहुण्या नाही, माहेरवाशीण आहात." त्यांची बोली माझी बोली नव्हे, तरी त्या शब्दाने माझ्या मनावरचे जुने भय निम्मे उतरले.

त्यांनी मला प्रथम चालायला शिकवले नाही, बसायला शिकवले. पायथ्याच्या माळावर अर्धा तास बसून आम्ही डोंगर पाहिला. कडा कोठे तुटला आहे, झाडी कोणत्या रेषेने वर चढते, ऊन दुपारी कोणत्या अंगाला येईल, हे सारे खालीच पाहून ठेवायचे. कारण एकदा झाडीत शिरल्यावर डोंगर दिसत नाही, फक्त झाडे दिसतात. मग ते म्हणाले की सोंडेने चढावे, नाळेने कधी उतरू नये. त्यांच्या बोलण्यातले शास्त्र मला चालता चालता उमगत गेले. डोंगराच्या सोंडा वर जाताना एकमेकींना मिळतात आणि शेवटी एकाच माथ्यापाशी येतात. म्हणून चढताना वाट चुकण्याचा संभव कमी. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात आणि एक चुकीचे वळण माणसाला भलत्याच दरीत नेऊन सोडते. म्हणून जेथे दोन सोंडा मिळतात तेथे थांबून मागे वळून पाहायचे, परतताना हे ठिकाण कसे दिसेल ते लक्षात ठेवायचे आणि तीन दगडांची खूण करायची. परत येताना त्यांनी प्रत्येक खूण स्वतःच्या हाताने मोडली. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "उद्या दुसरा कोणी येईल आणि डोंगर न पाहता दगडच पाहील."

वाटेत एका झाडाखाली वाघदेवाचा खांब होता. त्यावर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले होते. त्यांनी वहाणा काढल्या, मीही काढल्या. आमच्या काणकोणला देवराईत शिरताना माझी आजीही अशीच वहाणा काढीत असे. कड्याजवळ गवताच्या आड एक अरुंद घळ होती. पूर्वी आम्ही तिच्यापासून शंभर पावलांवर तासभर भटकलो होतो! दुपारी बाराच्या सुमारास आम्ही गवताळ माथ्यावर आलो. सर्वांत उंच असा एक खडक दहा-पंधरा पावलांवर होता. ते गृहस्थ तेथे थांबले, हात जोडले आणि खाली बसले. त्या खडकावर पाय ठेवायचा नाही, ती देवाची जागा, एवढेच ते म्हणाले. मीही बसले.

मला त्या क्षणी कांचनगंगेची आठवण झाली. जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या त्या शिखराजवळ १९५५ च्या मे महिन्यात जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड हे गिर्यारोहक प्रथम पोहोचले. सिक्कीमच्या लोकांना ते शिखर पवित्र वाटते म्हणून त्याच्या अगदी माथ्यावर पाऊल न ठेवण्याचे वचन देण्यात आले होते. ते दोघे काही फुटांवर थांबले आणि परत फिरले. त्यांची चढाई अपुरी राहिली असे आजवर कोणीही म्हटलेले नाही. माझी टेकडी कांचनगंगेपुढे मातीचे ढेकूळच. पण थांबण्यातले समाधान दोन्हीकडे एकाच जातीचे असावे.

आता या सगळ्यावरून माझे मत सांगते. मुलांनी वाट सोडून रानात जावे का? जावे. परंतु वाट सोडणे म्हणजे नियम सोडणे नव्हे. पायवाटेवर चालताना कितीतरी नियम आपल्यासाठी दुसऱ्या कोणीतरी आधीच पाळलेले असतात. कडा कोठे टाळावा, ओढा कोठे ओलांडावा, हे त्याने कधीतरी ठरवले आणि आपण नुसते चालतो. वाट सोडली की ते सारे नियम आपल्या स्वतःच्या शिरावर येतात. उताराची आज्ञा पाळावी लागते, उन्हाची पाळावी लागते, कायद्याची पाळावी लागते आणि ज्यांचे ते रान आहे त्यांच्या श्रद्धेचीही पाळावी लागते. म्हणूनच हा अधिकार मिळवावा लागतो. नुसत्या धाडसाने तो मिळत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण गाईडमधील तयार उत्तरे पाठ करतात. ती तयार वाट आहे, आणि परीक्षेपुरती ती तुम्हाला पोहोचवतेही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर कोणीच छापलेले नाही, अशा प्रश्नापुढे तुम्ही एक दिवस उभे राहाल. त्या दिवशी आधी बसून डोंगर पाहण्याची, मागे वळून खूण ठेवण्याची आणि वेळेवर परत फिरण्याची सवय तुमच्या अंगी असावी, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

पालकांचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते खोटे नाहीत. रानात साप आहेत, बिबटा आहे, पाय घसरतो. यावर उपाय म्हणजे चांगले बूट, हातात काठी, पुरेसे पाणी, माहीतगार वाटाड्या आणि दिवसाचे तीन भाग: एक चढण्यासाठी, एक उतरण्यासाठी आणि एक चुकांसाठी राखून ठेवलेला. कोणी म्हणेल की, माणसांच्या पायांनी रानाचेच नुकसान होते. हेही खरे आहे. म्हणून पन्नास मुलांची गाडी नको, आठ-दहा मुलांची तुकडी हवी. मार्चमधल्या वाळल्या पाचोळ्यात नको, डिसेंबरात हवी. आणि काडेपेटी व प्लास्टिक दोन्ही घरी ठेवून. पूर्णा अभयारण्यासारख्या संरक्षित भागात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीवाचून पाऊल ठेवता येत नाही. ती परवानगी मागणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

शिवाय पहिल्याच दिवशी वाट सोडावी असे मी म्हणत नाही. आठवीत वलसाडजवळचा पारनेरा चढावा. नववीत साल्हेरला जावे. १५६७ मीटर उंचीचा हा गड महाराष्ट्रात कळसूबाईखालोखाल उंच असून डांगच्या सीमेलगत बागलाणात उभा आहे. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत तो आहे. तेथे मळलेली वाट आहे. परशुरामाने याच माथ्यावरून बाण सोडून समुद्र हटवला आणि कोकण निर्माण केले अशी कथा सांगतात. मला तर तेथे गेल्यावर आजोळी गेल्यासारखे वाटते. एवढे झाल्यावर ज्याची पावले, श्वास आणि मन तयार असेल, त्याने वाटाड्याबरोबर निर्वाट रानात शिरावे.

अशीच एक योजना आम्ही काही शिक्षकांनी या वर्षी पालकांपुढे ठेवली होती. संमतिपत्रे घरोघर गेली. मुलांच्या घरून बहुतेक सह्या झाल्या. मुलींची पत्रे बहुतेक सहीविनाच परत आली. त्यांत बसमध्ये प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचेही पत्र होते. आम्ही योजना पुढे ढकलली. कारण निम्म्या वर्गाला खाली ठेवून उरलेल्या निम्म्याला डोंगरावर न्यावे, हे आमच्या मनाला पटेना.

आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांत आहेत. त्या घरांतील आजींना विचारून पाहा. सरपणासाठी, पाण्यासाठी, कामासाठी त्या किती कोस चालल्या आणि किती डोंगर चढल्या हे त्या सांगतील. त्यांना कोणी संमतिपत्र विचारले नव्हते. गरजेपोटी चाललेल्या आजीचे पाय आपण अभिमानाने सांगतो, मग ज्ञानापोटी चालू पाहणाऱ्या नातीचे पाय का अडवावेत? भय मलाही वाटते. मुरगळलेला घोटा आणि कलती उन्हे मी विसरलेले नाही. पण त्या संध्याकाळी आमचे जे चुकले ते रानात गेलो म्हणून नव्हे, तर न विचारता गेलो म्हणून. या मुलीने तर विचारले होते.

ती आता दहावीत आहे. पुढच्या डिसेंबरात ती या शाळेत नसेल. तरीही आमच्या तुकडीत तिची एक जागा राखून ठेवली आहे. आणि गाडीच्या त्या वळणावर राहून गेलेले उत्तर मी येथे देते: हो, जाता येईल. झाडांमधून चढत गेले तर जाता येईल. मात्र आधी आपण पायथ्याशी बसू, डोंगर नीट पाहू, आणि ज्यांना तेथल्या वाटा माहीत आहेत त्यांना विचारू.